अस्सल की बनावट? जुन्या ट्रायल्स मोटारसायकलींची पारख

जुन्या वस्तूंच्या बाजारात 'अस्सल' हा शब्द जितक्या सहजपणे वापरला जातो, तितक्या काटेकोरपणे तो तपासला जात नाही. चित्रे, नाणी, घड्याळे यांच्याबाबत ही अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६०च्या दशकांत तयार झालेल्या ट्रायल्स मोटारसायकलींच्या बाबतीत मात्र ती अधिकच गुंतागुंतीची होते. कारण या गाड्या मुळातच कापून, घासून, छिद्रे पाडून, वजन घटवून वापरल्या जात असत. जी गाडी स्पर्धेत उतरली, ती कारखान्यातून निघाली तशी राहिली नाही. आणि जी तशीच राहिली, ती बहुधा स्पर्धेत फारशी उतरलीच नाही. म्हणूनच विक्रीला आलेल्या अशा गाडीपुढे उभे राहिल्यावर 'ही अस्सल आहे काय?' हा प्रश्न अपुरा पडतो. 'ही नेमकी कोण आहे आणि विक्रेता तिला कोण म्हणून विकतो आहे?' हा खरा प्रश्न होय. या दोन उत्तरांत तफावत असेल, तर तिची किंमत खरेदीदाराला मोजावी लागते.

खेळ आणि त्याची गाडी

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नव्हे. ओढ्यातील गोटे, चिखलाची चढण, झाडांची मुळे अशा ठिकाणी आखून दिलेल्या छोट्या टप्प्यांतून पाय न टेकता आणि न थांबता गाडी बाहेर काढायची, एवढेच स्वाराचे काम. एकदा पाय टेकला तर एक गुण, वारंवार टेकला तर तीन आणि टप्पा पार करण्यात अपयश आले तर पाच गुण दंड, अशी साधारण पद्धत. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी. 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' ही या खेळातील सर्वांत नामांकित स्पर्धा असून तिचा आरंभ १९०९मध्ये झाला. १९६१ साली गॉर्डन जॅक्सन यांनी एजेएस गाडीवर ही सहा दिवसांची स्पर्धा अवघा एक गुण गमावून जिंकली, यावरून या खेळातील कौशल्याची कल्पना यावी.

अशा कामासाठी गाडीची घडण वेगळी असावी लागते. इंजिन कमी फेऱ्यांतही न अडखळता ओढणारे, खालचे गिअर अतिशय मंद, वरचा गिअर रस्त्यासाठी लांबचा, जमिनीपासूनची उंची अधिक, हँडल दोन्ही बाजूंना भरपूर वळणारे, पुढचे चाक २१ इंची, मागचे बहुधा १९ इंची, मडगार्ड ॲल्युमिनियमचे आणि टाकी लहान, अशी तिची ठेवण असे. एजेएस, मॅचलेस, एरियल, बीएसए, ट्रायम्फ, रॉयल एन्फिल्ड, नॉर्टन, ग्रीव्हज अशा अनेक ब्रिटिश कारखान्यांनी अशा गाड्या तयार केल्या.

१९६४च्या अखेरीस सॅमी मिलर या अव्वल स्वाराने एरियल सोडून स्पेनच्या बुल्टाको कंपनीची वाट धरली. त्यांच्या साहाय्याने घडवलेल्या 'शेर्पा टी' या हलक्या दोन-स्ट्रोक गाडीने १९६५ची स्कॉटिश स्पर्धा जिंकली आणि जड चार-स्ट्रोक ब्रिटिश गाड्यांचे युग संपले. पुढे जुन्या गाड्यांच्या स्पर्धांसाठी '१९६५पूर्व' हा वर्ग निर्माण झाला, त्यामागे हीच विभागणी आहे. स्कॉटलंडमधील किनलॉकलेव्हन येथे या वर्गाची स्पर्धा १९८४पासून सुरू झाली. एकेकाळी अडगळीत पडलेल्या गाड्यांना मागणी आली आणि मागणीपाठोपाठ नकलाही आल्या.

चार जाती

बाजारात 'जुनी ट्रायल्स गाडी' म्हणून जे येते, त्याचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार कारखान्याने ग्राहकांना विकलेल्या स्पर्धा-आवृत्तीचा. एरियलची 'एचटी ५', बीएसएची 'सी १५ टी', एजेएसची '१६ सी', रॉयल एन्फिल्डची ट्रायल्स बुलेट ही याची उदाहरणे. दुसरा प्रकार कारखान्याने आपल्या पगारी वा पुरस्कृत स्वारांसाठी खास बांधलेल्या गाड्यांचा. यांना 'वर्क्स' गाड्या म्हणतात. तिसऱ्या प्रकारात रस्त्यावरची साधी गाडी त्या काळातच एखाद्या स्वाराने किंवा दुकानदाराने स्पर्धेसाठी बदललेली असते. चौथा प्रकार अलीकडच्या काळात, बहुतांशी नव्या भागांपासून, जुन्या गाडीच्या धर्तीवर बांधलेल्या प्रतिकृतींचा.

यांपैकी कोणताही प्रकार स्वतःत अप्रामाणिक नाही. चांगली प्रतिकृती आजच्या स्पर्धेत मूळ गाडीपेक्षा सरस चालते आणि तिला तिची रास्त किंमतही मिळते. फसवणूक होते ती चौथ्या प्रकाराला पहिल्याचे आणि पहिल्याला दुसऱ्याचे नाव दिल्यावर. या चार पायऱ्यांमधील किमतीचा फरक अनेक पटींचा असल्याने हा मोह नेहमीच राहणार.

क्रमांकांची साक्ष

तपासणीचा आरंभ इंजिन आणि चासी यांवर ठोकलेल्या क्रमांकांपासून करावा; रंग आणि चकाकी यांकडे नंतर पाहावे. बहुतेक ब्रिटिश कारखाने क्रमांकाच्या आधी मॉडेलची अक्षरे ठोकत. बीएसएच्या २५० सीसी ट्रायल्स गाडीचे इंजिन 'सी १५ टी' या अक्षरांनी सुरू होते, तर रस्त्यावरच्या गाडीचे नुसत्या 'सी १५'ने. एजेएस आणि मॅचलेस यांच्या १९५०च्या दशकातील इंजिनांवर आधी वर्ष, मग मॉडेल आणि त्यानंतर अनुक्रमांक अशी रचना आढळते. '५५/१६ एमसी' याचा अर्थ १९५५च्या हंगामातील ३५० सीसी स्पर्धा-आवृत्ती. ग्रीव्हजसारख्या कंपन्या व्हिलियर्स या कारखान्याची इंजिने बसवत आणि त्या इंजिनांवर स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असे. '३२ ए' हा ट्रायल्स इंजिनाचा संकेत होता.

जाहिरातींत हमखास आढळणारा एक दावा म्हणजे 'इंजिन व चासीचे क्रमांक जुळणारे'. हा दावा प्रत्येक कंपनीच्या बाबतीत वेगळ्या अर्थाने घ्यावा लागतो. ट्रायम्फ टायगर कबवर दोन्ही ठिकाणी एकच क्रमांक असणे अपेक्षित आहे. बुल्टाकोच्या गाड्याही कारखान्यातून एकाच क्रमांकाच्या इंजिन-चासीसह बाहेर पडत आणि त्या क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे मॉडेल सांगतात. याउलट १९५०च्या दशकातील बीएसए गाड्यांचे इंजिन व चासी यांचे क्रमांक मुळातच वेगवेगळे असत. त्यामुळे त्या काळच्या बीएसएवर दोन्ही ठिकाणी एकच आकडा दिसला, तर ती हमी मानू नये. उलट संशयाला जागा आहे असे समजावे.

ठोकलेल्या आकड्यांचे स्वरूपही बोलके असते. कारखान्यातील अक्षरांचा आकार, अंतर आणि खोली यांत एक सवय दिसते. ज्या पट्टीवर क्रमांक आहे, तेथील पृष्ठभाग आजूबाजूच्या ओतीव धातूपेक्षा खोलगट किंवा नव्याने घासलेला आहे काय, एखादे अक्षर दाटीवाटीने मागाहून घुसवल्यासारखे दिसते काय, चासीवर क्रमांकाभोवतीच जाड रंग का आहे, हे भिंगाने पाहावे. त्याच मॉडेलच्या, निःसंशय मूळ अशा दुसऱ्या गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर फरक चटकन ध्यानात येतो. बीएसए, ट्रायम्फ आदींच्या क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांवर, खालच्या बाजूस, जोडणीच्या वेळचे समान आकडे असतात. ते जुळत नसतील, तर दोन इंजिनांतून एक इंजिन तयार झाले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फुटलेल्या क्रँककेसच्या जागी कारखाने बिनक्रमांकाची नवी क्रँककेस देत आणि दुकानदार तिच्यावर जुना क्रमांक हाताने ठोकी. दगडांवर आपटणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत असे होणे स्वाभाविक होते. त्यामुळे वेडावाकडा क्रमांक म्हणजे लबाडीच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्याचा खुलासा मागावा आणि त्या खुलाशाला कागदाचा आधार आहे काय ते पाहावे.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

ब्रिटनमध्ये आजचे नोंदणीपत्र 'व्ही ५ सी' या नावाने ओळखले जाते. ते गाडी कोणाच्या नावावर नोंदली आहे, एवढेच सांगते. ते मालकीचा पुरावा नाही, असे त्या कागदावरच छापलेले असते. गाडी मुळात स्पर्धा-आवृत्ती होती की साधी, हेही त्यावरून निश्चित होत नाही. जुनी पुठ्ठ्याची नोंदणीपुस्तिका उपलब्ध असेल, तर ती अधिक मोलाची. कारण तिच्यात पहिल्या नोंदणीची तारीख, इंजिन व चासीचे क्रमांक आणि मालकांची नावे क्रमाने सापडतात.

जुन्या नोंदी संगणकावर नेण्याची मुदत १९८३च्या अखेरीस संपली. तोपर्यंत ज्या गाड्या कोठारांत पडून होत्या, त्यांचे मूळ नोंदणी क्रमांक व्यवस्थेतून गळाले. पुरावा आणि मान्यताप्राप्त क्लबची शिफारस असल्यास असा क्रमांक परत मिळवता येतो. पुरावा नसल्यास गाडीच्या वयाला साजेसा दुसरा क्रमांक दिला जातो. म्हणजे जुन्या धाटणीची पाटी दिसली म्हणून ती पाटी त्या गाडीबरोबर जन्मापासून आहे, असे होत नाही. त्यातच ब्रिटनमध्ये अनेक क्रमांक एका वाहनावरून दुसऱ्यावर रीतसर हलवता येतात आणि विकताही येतात.

सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे कारखान्याची पाठवणी-वही. कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाची, कोणत्या प्रकारची गाडी कोणत्या दुकानदाराकडे गेली, याची नोंद तिच्यात असे. अनेक कंपन्या बंद पडल्या तरी त्यांच्या वह्या टिकल्या आहेत. १९४६मध्ये स्थापन झालेला 'व्हिंटेज मोटर सायकल क्लब', तसेच एजेएस-मॅचलेस आणि रॉयल एन्फिल्ड यांच्या मालकांचे क्लब अशा नोंदींच्या आधारे गाडीचा प्रकार आणि काळ यांची माहिती देतात. व्यवहार ठरवण्यापूर्वी क्रमांक कळवून हे उत्तर मागवणे, हा सर्वांत स्वस्त विमा होय. वहीत 'साधी गाडी' अशी नोंद निघाली, तर टाकी कितीही सुंदर असली तरी ती स्पर्धा-आवृत्ती ठरत नाही.

धातूची परीक्षा

कागदानंतर गाडीच्या अंगाची तपासणी. त्यासाठी लोहचुंबक, मोजपट्टी, भिंग आणि विजेरी एवढी सामग्री पुरते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला चुंबक चिकटत नाही, बिडाच्या सिलिंडरला चिकटतो. ज्या आवृत्तीला ॲल्युमिनियमचा सिलिंडर होता, तिच्यावर रुपेरी रंग दिलेले बीड आढळल्यास विक्रेत्याला विचारणा करावी. पत्र्याच्या टाकीवर चुंबकाची पकड एखाद्या ठिकाणी ढिली पडली, तर तेथे खाली पुटी भरलेली आहे असे समजावे.

गिअरपेटी उघडून पाहणे शक्य नसते; पण तिची परीक्षा बाहेरूनही होते. प्लग काढून, गाडी स्टँडवर घेऊन, एकेका गिअरमध्ये मागचे चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवावे आणि इंजिन किती वेळा फिरते ते मोजावे. ट्रायल्स गाडीत पहिल्या आणि शेवटच्या गिअरमधील अंतर साध्या गाडीपेक्षा बरेच अधिक असते. बाह्यरूप बदलणारे कारागीर पुष्कळ. पण गिअरपेटीचे दुर्मीळ दाते शोधून बसवण्याचा खर्च नकलाकार सहसा टाळतात. म्हणून ही मोजणी उपयुक्त ठरते.

चासीच्या सांध्यांवर विशेष लक्ष द्यावे. साध्या गाडीच्या चासीवरील न लागणारे कान कापून, घासून सपाट केलेल्या खुणा रंगाखालीही बोटाला जाणवतात. फूटरेस्ट मागे सरकवल्याच्या, हँडलच्या मानेचा कोन बदलल्याच्या खुणा दिसतात. वेल्डिंगची धाटणीही काळाप्रमाणे बदलते. त्या काळचे ब्रिटिश नट-बोल्ट इंची मापाचे असत. त्यांच्या जागी सर्वत्र मेट्रिक मापाचे, स्टेनलेस पोलादाचे बोल्ट असतील, तर जोडणी अलीकडची आहे. ग्रीव्हजच्या चासीत पुढच्या बाजूस नळीऐवजी ॲल्युमिनियम मिश्रधातूची ओतीव तुळई असते. ती त्या गाडीची ओळखखूण होय. म्हणून ती मूळची आहे की नव्याने ओतलेली, हे पाहावे.

झिजेतही सुसंगती असावी. साठ वर्षे दगडांतून फिरलेल्या गाडीच्या इंजिनाखाली ओरखडे असतात, फूटरेस्ट वाकवून सरळ केलेले असतात, ब्रेकच्या दांड्यांची छिद्रे लांबट झालेली असतात. एक भाग जुनाट आणि शेजारचा कोराकरकरीत असे चित्र दिसले, तर प्रत्येक नव्या भागामागचे कारण विचारावे.

नामांकित स्वारांच्या गाड्या

सर्वाधिक सावधगिरी 'वर्क्स' गाड्यांच्या बाबतीत हवी. सॅमी मिलर यांची 'जीओव्ही १३२' क्रमांकाची एरियल, गॉर्डन जॅक्सन यांची '१८७ बीएलएफ' क्रमांकाची एजेएस, जॉनी ब्रिटन यांची 'एचएनपी ३३१' क्रमांकाची रॉयल एन्फिल्ड या गाड्या जाणकारांना नोंदणी क्रमांकांवरूनच ठाऊक आहेत. यालाही कारण आहे. ट्रायल्सचे टप्पे सार्वजनिक रस्त्यांनी जोडलेले असत, त्यामुळे स्पर्धेतील गाडीला नोंदणी आणि पाटी आवश्यक होती. परिणामी त्या काळच्या छायाचित्रांत पाटी दिसते आणि ती छायाचित्रे आज पुराव्याचे काम करतात.

परंतु हाच पुरावा दुधारी आहे. स्वाराची गाडी बदलली तरी जुनीच पाटी नव्या गाडीवर चढवण्याचा रिवाज कारखान्यांच्या स्पर्धा-विभागांत होता. म्हणजे एका क्रमांकाखाली वेगवेगळ्या हंगामांत एकापेक्षा अधिक चासी आणि इंजिने धावलेली असू शकतात. शिवाय एका गाडीचे इंजिन एकीकडे आणि चासी दुसरीकडे जाऊन पुढे दोन गाड्या उभ्या राहतात, आणि दोघींचे मालक एकाच इतिहासावर हक्क सांगतात. म्हणून केवळ पाटी पाहून थांबू नये. विशिष्ट वर्षाच्या छायाचित्रातील वेल्डिंग, कंस, टाकीची ठेवण, दुरुस्तीच्या खुणा या समोरच्या गाडीशी एकेक करून ताडून पाहाव्यात. कारखान्यातून गाडी कोणाला विकली गेली आणि तेथून आजवर कोणाकडे कशी आली, ही साखळी अखंड असावी. मधली वीस वर्षे रिकामी असतील, तर तो दावा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

भारतीय बुलेटचा धागा

या विषयाला भारताशी जोडणारा एक धागा आहे. रॉयल एन्फिल्डने १९४८ साली कोलमोर कप ट्रायलमध्ये मागच्या चाकाला झोके घेणारी चासी असलेली बुलेट उतरवली. त्या वेळी मागे कडक चासीच हवी, असा ट्रायल्समधील जाणकारांचा आग्रह होता. १९५२मध्ये जॉनी ब्रिटन यांनी बुलेटवर स्कॉटिश स्पर्धा जिंकली आणि १९५७मध्ये रॉयल एन्फिल्डवरच पुन्हा विजय मिळवला. दरम्यान १९५५मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. इंग्लंडमधील उत्पादन १९७०मध्ये थांबले, भारतातील चालूच राहिले आणि १९७७पासून भारतीय बुलेट ब्रिटनला निर्यात होऊ लागल्या.

भारतीय बुलेटची रचना दीर्घकाळ १९५०च्या दशकातीलच राहिल्याने तिचे अनेक भाग जुन्या ब्रिटिश गाडीला बसतात. त्यामुळे भारतीय बुलेटवर लहान टाकी, वर उचललेला सायलेन्सर आणि खडबडीत टायर चढवून ट्रायल्सचे रूप देणे अवघड नाही. ब्रिटनमधील ट्रायल्स बुलेटला ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि मॅग्नेटो होता. भारतीय ३५० सीसी बुलेटला दीर्घकाळ बिडाचा सिलिंडर आणि बॅटरीवर चालणारे इग्निशन होते. क्रमांक क्लबकडून पडताळून घेतल्यास उरलेला संशयही फिटतो. खुद्द कंपनीने २०१९मध्ये जुन्या ट्रायल्स बुलेटच्या स्मरणार्थ ३५० आणि ५०० सीसीच्या 'बुलेट ट्रायल्स' गाड्या भारतात विकल्या. २०२०मध्ये त्या बंद झाल्या. त्या आपल्या जागी अस्सलच आहेत, मात्र २०१९च्या गाड्या म्हणून.

जुन्या गाडीचे मूळ रूप हा आपल्याकडे आता कायद्याचाही विषय झाला आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली आणि तिच्यात चासी, बॉडी व इंजिन यांत भरीव बदल झालेले नसावेत, ही अट घातली. म्हणजे स्पर्धेसाठी कापलेल्या गाडीचा मान छंदिष्टांत मोठा असला, तरी नोंदणी कार्यालयात तोच बदल आक्षेपाचा ठरू शकतो.

व्यवहाराचा क्रम

खरेदीदाराने पुढील क्रम पाळावा. जाहिरातीतील वर्णन जपून ठेवावे. भेटीपूर्वीच इंजिन व चासीच्या क्रमांकांची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. ती देण्यास टाळाटाळ होत असेल, तर प्रवासखर्च वाचवावा. क्रमांक संबंधित क्लबकडे पाठवून उत्तर येईपर्यंत विसार देऊ नये. पाहणीला जाताना त्या मॉडेलची सुट्या भागांची मूळ यादी बरोबर न्यावी. शेवटी, पावतीवर 'जुनी ट्रायल्स मोटारसायकल' असे मोघम न लिहिता 'कारखान्याची स्पर्धा-आवृत्ती', 'त्या काळी बदललेली साधी गाडी' किंवा 'प्रतिकृती' असे नेमके शब्द लिहून घ्यावेत. विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, हे तत्त्व ब्रिटिश कायदा मानतो. पण वर्णनच मोघम असेल, तर त्याचा आधार घेता येत नाही. प्रामाणिक विक्रेता नेमके शब्द लिहिण्यास कचरत नाही, ही पारख अनेकदा चुंबकापेक्षा लवकर निकाल देते.

गाडी घरी आल्यावर खरेदीदाराचीही एक जबाबदारी सुरू होते. क्रमांकाची पट्टी घासू नये, काढलेले जुने भाग फेकू नयेत, केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवावी. या गाड्यांचे स्वार, कारागीर आणि स्पर्धा-विभागांतील माणसे वयोमानाने कमी होत चालली आहेत. पुढे साक्ष द्यायला धातू आणि कागदच उरतील. प्रतिकृतीला मूळ म्हणून विकणारा एका ग्राहकाला तर फसवतोच, शिवाय खऱ्या गाडीच्या इतिहासातही कायमचा घोळ घालून ठेवतो. आपल्याकडील गाडी कोणत्या जातीची आहे, हे स्पष्ट लिहून ठेवणारा मालक पुढच्या खरेदीदाराला तीच अडचण पुन्हा पडू देत नाही.